लेख छापला म्हणजे पोचला काय?

आपलाच छापलेला लेख आपणच लोकांपुढे नेणे असभ्य होय, असा एक संकेत मराठी लेखकवर्गात रूढ आहे. समर्थांनी आत्मस्तुतीची गणना मूर्खलक्षणांत केली, तिचा आधार त्यास दिला जातो. तो येथे लागू पडत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वतःची स्तुती करणे आणि स्वतःचे लिखाण वाचकाच्या हाती देणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा दोष दुसरीच्या माथी मारण्याचे कारण नाही.

पुण्यामुंबईच्या लेखकाला हा संकोच परवडतो. दखल घेणारे समीक्षक आणि ग्रंथालये त्याच्या उंबऱ्याशी आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे तसे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, आणि त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने व स्थानिक संस्थांनी करावा, असे ते सांगते. या कलमावर कोणी साक्षेपाने लेख लिहिला, तो दिवाळी अंकाच्या मधल्या पानांत छापून आला आणि लेखक विनयाने घरी बसला, तर तो वाचणार कोण? अंक विकत घेणाऱ्या मूठभरांस कलम आधीच ठाऊक असते. गावच्या शाळेतील मराठी वर्ग यंदा राहील की नाही, ही चिंता ज्या पालकास आहे, त्याच्यापर्यंत तो जातच नाही. लेखकाने कात्रण घेऊन शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत जावे व ते वाचून दाखवावे, यात प्रौढी ती कसली?

‘चांगले लिखाण आपला वाचक आपणच शोधते’ हे तर निव्वळ आळसाचे समर्थन. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला काढली व ती बव्हंशी स्वतःच लिहिली. पुढे छापखाना आणि पुस्तकविक्रीचे दुकान यांच्या उभारणीतही ते होते. त्यांच्या लेखणीचे तेज त्यामुळे उणे झाल्याचे आम्ही ऐकले नाही.

पथ्य एकच. लेखात काय आहे ते सांगावे, तो कसा आहे हे वाचकावर सोडावे. आमच्या भागात मात्र उलटे घडते. लेख फिरतो तो आपल्याच कार्यकर्त्यांत, आणि वाहवाही तेथेच मिळते. (खरी आत्मस्तुती ती हीच, केवळ दुसऱ्याच्या मुखाने करविलेली.) कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याकडे तो कोणी नेत नाही. ३५०-क वरील लेख कन्नडमध्ये उतरवावा, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात नेऊन द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.