तीन मिनिटं मागच्या रांगेसाठी

पाच वर्षं खपून केलेलं संशोधन तीन मिनिटांत सांगायला लावणं हा ज्ञानाचा अपमान आहे, असं मानणारे प्राध्यापक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतले बरेच जण सत्काराला ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून उभे राहतात आणि पाऊण तास बसत नाहीत, हे सोडून देऊ. त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

आधी हा प्रकार काय ते पाहू. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ साली ‘थ्री मिनिट थीसिस’ ही स्पर्धा सुरू केली. तेव्हा त्या राज्यात मोठा दुष्काळ होता. पाणी वाचवायला लोक न्हाणीघराच्या भिंतीला अंडी उकडताना लावतात ते तीन मिनिटांचं घड्याळ अडकवत आणि तेवढ्यात अंघोळ उरकत. त्यावरून तिथले अधिष्ठाता अ‍ॅलन लॉसन यांना ही कल्पना सुचली. नियम कडक आहेत. पीएच.डी. करणारा एकटा उभा राहणार, मागे एकच स्थिर स्लाइड, हातात कुठलीही वस्तू नाही, गाणं-कविता नाही. तीन मिनिटं उलटली की बाद.

पहिला आक्षेप असा, की सोपं करायला गेलं की खोटं होतं. पण संशोधन उथळ करून सांगितलं का, हे परीक्षकांनी तपासायचंच असतं. आणि खोटेपणा सोपेपणातून येतो हेच मला मान्य नाही. समजा, कुणी चाळीतल्या कांद्याच्या सडीवर काम केलं. ‘आमच्या उपायानं सड थांबते’ हे विधान सोपं आणि खोटं. ‘दोन हंगामांत, एका जातीच्या कांद्यावर सड कमी झाली, जास्त दमट हवेत काय होईल ते अजून पाहिलेलं नाही’ हे विधानही तितकंच सोपं, आणि खरं. म्हणायला दहा सेकंदं पुरतात. आपल्या कामाची हद्द जो जाणतो त्याला ती थोडक्यातही सांगता येते. जो जाणत नाही तो तीनशे पानांतही लपवतो.

इथे स्पर्धेच्या भक्तांनाही एक टोला द्यायला हवा. ८०,००० शब्दांचा प्रबंध मांडायला नऊ तास लागतील, आम्ही तो तीन मिनिटांत बसवतो, ही त्यांची आवडती जाहिरात. प्रबंध आटवून तीन मिनिटांची रबडी करता येत नाही, आणि करायचीही नसते. प्रश्न काय होता, तो इतरांना का पडावा आणि हाती काय लागलं, एवढंच सांगायचं. पण नेमकी इथेच पंचाईत होते. ‘अमुक तालुक्यातील तमुक योजनेचा चिकित्सक अभ्यास’ या शीर्षकात प्रश्न कुठे आहे? नमनाला घडाभर तेल घालायची सोय असली की ही उणीव झाकली जाते. तीन मिनिटांत ती उघडी पडते. विरोधामागचं एक कारण हेही असावं, असा मला दाट संशय आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. व्यासपीठ वक्त्याला वश होतं. फर्ड्या इंग्रजीवाल्यापुढे गावाकडचा, अडखळणारा, पण काम चोख केलेला विद्यार्थी मागे पडतो. यावर उपाय स्पर्धा मोडण्याचा नाही, भाषा बदलण्याचा आहे. क्वेबेकमधल्या आक्फास या संस्थेनं २०१२ साली हीच स्पर्धा फ्रेंचमध्ये, ‘१८० सेकंदांत माझा प्रबंध’ अशा नावानं घेतली. २०१४ मध्ये ती फ्रान्समध्ये गेली.

मग ती मराठीत का होऊ नये? आपल्याकडे श्रोत्यांची वाण कधीच नव्हती. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. याच परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ मध्ये जयंत विष्णु नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही आपली आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. विश्वाच्या उत्पत्तीवर जगाशी वाद घालणाऱ्या माणसाला मराठी वाचकासमोर येण्यात कमीपणा वाटला नाही. आमच्या मार्गदर्शकांना तो का वाटावा?

मौखिकी परीक्षेच्या दिवशी मागच्या रांगेत विद्यार्थ्याचे आईवडील बसलेले असतात. इस्त्रीचे कपडे, मांडीवर पेढ्यांचा डबा. तासभर चाललेल्या चर्चेतून त्यांना शेवटच्या टाळ्या तेवढ्या समजतात. मार्गदर्शकांना आणि बहिःस्थ परीक्षकांना माझी विनंती एवढीच आहे: पुढच्या मौखिकीची पहिली तीन मिनिटं, मराठीत, त्या रांगेसाठी ठेवा. आणि पहिला प्रश्न विचारण्याचा मानही तिलाच द्या. पेढे त्यानंतर वाटू.