निळ्या लिरियमला कुणी काही बोलेना!

ड्रॅगन एज खेळणाऱ्या मित्रमंडळींशी माझं एक जुनं भांडण आहे, ते आज इथे मांडूनच टाकतो. लिरियमचा विषय निघाला की सगळे लाल लिरियमवर तुटून पडतात. मेरेडिथची तलवार, तिचं वेड, शेवटी तिचा झालेला लाल पुतळा... भयंकर आहे, कबूल. पण मला विचाराल तर खरं विष निळंच. लाल म्हणजे तरी काय, निळ्यालाच लागलेली कीड!

(न खेळणाऱ्या नातेवाईकांसाठी: लिरियम हे थेडास नावाच्या काल्पनिक जगातलं जादुई खनिज. बुटके लोक ते खाणीतून काढतात, कारण त्यांना ते इतरांपेक्षा कमी बाधतं. जादूगाराने कच्च्या लिरियमच्या नुसतं जवळ जाणंही जिवावर बेतू शकतं. तेच शुद्ध करून प्यायलं की त्याची शक्ती भरून येते. काकू, सगळं खोटं आहे, काळजी नसावी :))

तर टेंप्लर. चँट्री म्हणजे तिथली धर्मसंस्था, आणि टेंप्लर हे जादूगारांवर पहारा ठेवणारे तिचे सैनिक. शपथ घेतली की लिरियमचा रतीब सुरू. मग ते सुटत नाही, आणि वर्षं जातील तशी आठवण विरत जाते. आता हा रतीब घालतं कोण? चँट्रीच! व्यापाराच्या नाड्या तिच्याच हातात. म्हणजे ज्याची नोकरी करायची त्यानेच व्यसन लावायचं, आणि नोकरी सोडलीत तर डोस बंद. याला मी शिस्त म्हणणार नाही, वेठबिगारी म्हणेन.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अरे, पण लिरियमशिवाय ते जादू मोडणार कशी?" २००९ च्या ओरिजिन्समधला अ‍ॅलिस्टर आठवा. शपथ घेण्याआधीच तो ग्रे वॉर्डन झाला, लिरियमविना टेंप्लरची विद्या वापरतो, वर आपल्यालाही शिकवतो. लिरियमने खरंच काही होतं की नुसता लगाम म्हणून देतात, ही शंका त्याची स्वतःची आहे. पण तो बोलतो विनोदी, म्हणून आपण हसून पुढे जातो.

आणि सॅमसन! एका जादूगाराची प्रेमपत्रं पोचवली म्हणून टेंप्लरांनी त्याला हाकललं. दुसऱ्या भागात, २०११ मध्ये, तो कर्कवॉलच्या रस्त्यावर भीक मागताना भेटतो. २०१४ च्या इन्क्विझिशनमध्ये तोच लाल टेंप्लरांचा सेनापती. तेव्हा सगळे त्याला खलनायक म्हणून मोकळे. अहो, त्याला आधी चटक कोणी लावली?

खेळाच्या लेखकांवरही माझा राग आहे. कथेत लिरियम माणसं पोखरतं, आणि माझी जादूगारीण एका लढाईत बाटल्यांवर बाटल्या रिचवते, ढिम्म काही होत नाही. हात थरथरत नाही, नाव विसरत नाही. सोय म्हणून समजू शकतो, पण मग व्यसनाची गोष्ट सांगताना खेळाडूला नामानिराळं ठेवल्यासारखं होतं.

एक कलन तेवढा जमलाय. तो लिरियम सोडतो, तडफडतो, आणि आपण कामाला लायक उरलोय की नाही यावर नजर ठेवायला कॅसँड्राला सांगतो. आणि "पुन्हा घे" असं त्याला सांगायची मुभा खेळ आपल्याला देतो. सैन्य नीट चालावं म्हणून तसं सांगणारे माझे दोन मित्र आहेत. त्यांनी खाली कॉमेंट टाकावीच, वाट बघतोय.