नळाचे पाणी हा नगरसेवकाचा उपकार नव्हे!

पैठणच्या जायकवाडी धरणात 100 टीएमसीहून अधिक पाणी मावते. तिथून औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, सुमारे 50 किलोमीटरवर आहे. धरण भरले की पुढारी जलपूजनाला जातात, फोटो काढतात आणि त्याच आठवड्यात शहरातल्या अनेक वस्त्यांत माणसे नळाच्या दिवसाची वाट पाहत बसतात. पाणी आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. मग प्रश्न पडतो, या शहरात तुटवडा नेमका कशाचा आहे? पाण्याचा की नियतीचा?

जरा हिशेब तपासू. शहराची तहान 700 आणि 1400 मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्यांवर भागणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते. त्यासाठी समांतर जलवाहिनीची योजना आली. केंद्राचा पैसा मंजूर झाला, आणि तरीही संपूर्ण शहराचे पाणी खाजगी कंपनीच्या हाती देण्याचा करार 2011 मध्ये झाला. 2014 मध्ये कंपनीने ताबा घेतला आणि 2016 मध्ये करार रद्द करण्याची पाळी आली. वाहिनी राहिली कागदावर. पुढे 2020 च्या डिसेंबरात 1680 कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. खर्च फुगत 2740 कोटींवर गेला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला कामावर देखरेख करावी लागली. आणि 2025 च्या उन्हाळ्यातही शहर टँकरचीच वाट पाहत होते.

या काळात राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी होती, भाजप-शिवसेना होती, महाविकास आघाडी होती, नंतर महायुती आली. महानगरपालिकेत तर वर्षानुवर्षे शिवसेना-भाजप युतीच नांदली. म्हणजे दोष एका झेंड्याचा नाही. झेंडे बदलले, कारभाराची रीत तीच राहिली.

2018 चा कचरा आठवा. शहराचा सगळा कचरा वर्षानुवर्षे नारेगावला टाकला गेला. तिथल्या लोकांनी फेब्रुवारीत गाड्या अडवल्या तेव्हा महानगरपालिकेकडे दुसरी सोयच नव्हती. मार्चमध्ये मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्या नेल्या तर दगडफेक, लाठीमार झाला. अखेर आयुक्तांची बदली झाली. ज्यांनी दशकानुदशके कचऱ्याचे नियोजन केले नाही, त्यांचे काय झाले? काहीही नाही. आणि रस्त्यावर कुजणारा तो कचरा शेवटी उचलला कुणी? कोणत्या समाजाच्या हातांनी? उत्तर तुम्हाला माहीत आहे.

आता मूळ मुद्दा. आपण याला ‘भ्रष्टाचार’ म्हणतो आणि गप्प बसतो. पण पैसे खाणे हा या रोगाचा अर्धाच भाग आहे. दुसरा भाग अधिक घातक आहे, तो म्हणजे हक्काचे उपकारात रूपांतर. वस्तीला टँकर येतो तो ‘भाऊंच्या सौजन्याने’. ड्रेनेजचे झाकण बसते ते ‘दादांच्या प्रयत्नाने’. पैसा आपल्याच कराचा आणि फलकावर फोटो त्यांचा! 2022 मध्ये पाण्यावरून लोक चिडले तेव्हा पाणीपट्टी 4050 रुपयांवरून 2025 रुपयांवर आणली गेली. पाणी मात्र वाढले नाही. हक्क मागणाऱ्याच्या हातावर सवलत ठेवायची, ही जुनीच युक्ती आहे.

एके काळी आपली माणसे विहिरीपासून लांब उभी राहायची. वरचा कुणी येईल आणि दया आली तर वरून पाणी ओतेल, याची वाट पाहायची. आज वस्तीतली बाई हंडा घेऊन टँकरमागे उभी आहे आणि टँकर कोणत्या गल्लीत आधी वळवायचा हे कुणाचा तरी कार्यकर्ता ठरवतो. विटाळ गेला असेल, पण वाट पाहायला लावण्याची सत्ता गेली का?

म्हणून महाडचा इतिहास पुन्हा वाचला पाहिजे. आपण 20 मार्च 1927 आठवतो, पण त्याआधीचा कागद विसरतो. 1923 मध्ये मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून राहिला. बाबासाहेबांनी जाऊन पाणी प्यायले तेव्हा त्या ठरावात जीव आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने घाबरून तो रद्दही केला! पुढे दहा वर्षे बाबासाहेब कोर्टात लढले आणि 1937 मध्ये उच्च न्यायालयात जिंकले. महाडची लढाई जातिव्यवस्थेविरुद्ध होती, तशीच ती एका नगरपालिकेच्या कागदी कारभाराविरुद्धही होती.

आज आपल्या हातात तेव्हापेक्षा मोठी हत्यारे आहेत. 74 व्या घटनादुरुस्तीने महानगरपालिकेची मुदत पाच वर्षे ठरवली आणि ती संपण्याआधी निवडणूक घेणे बंधनकारक केले. अनुसूचित जातींना आणि महिलांना राखीव जागा दिल्या. तरीही औरंगाबादेत एप्रिल 2020 ला मुदत संपल्यावर साडेपाच वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसला. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये आदेश दिल्यावर कुठे 2026 च्या जानेवारीत मतदान झाले. एवढी वर्षे आपल्या राखीव वॉर्डांचा आवाज सभागृहात नव्हता. संविधान बचावच्या घोषणा देणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी यावर एक मोर्चा काढला?

महानगरपालिका अधिनियम 1949 चे कलम 10 सांगते की पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस नगरसेवक राहू शकत नाही. म्हणूनच कंत्राट मेहुण्याच्या, भाच्याच्या नावावर निघते. हे सिद्ध करायला कागद लागतात आणि कागद मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

तेव्हा तरुणांनो, कामाला लागा. आपल्या वॉर्डात दलित वस्ती सुधार योजनेचा निधी किती आला, कुठल्या गल्लीत खर्च झाला, याची यादी माहिती अधिकारात मागा. ती यादी बुद्धविहारात जाहीर वाचा आणि प्रत्यक्ष रस्ता, गटार, नळ जाऊन मोजा. कंत्राटी सफाई कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, ते विचारा. आणि जयंतीच्या मंडपासाठी कंत्राटदाराची पावती फाडणे आधी बंद करा. ज्याच्या देणगीवर आपला डीजे वाजतो, त्याने केलेल्या निकृष्ट रस्त्याबद्दल आपला आवाज निघत नाही.

बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी कुणाकडे मागितले नव्हते. ते गेले आणि ओंजळीने प्यायले, कारण ते सार्वजनिक होते. महानगरपालिकाही सार्वजनिकच आहे.

जय भीम!