डॅशबोर्डचा मालक कोण?

गेल्या शनिवारी वरंधा घाट उतरून महाडला घरी गेलो. घाटाखाली आलो की तळीये आठवतं आणि डोकं फिरतं. म्हणून आज हा वैताग.

आधी माझं पाप कबूल करतो. मागच्या नोकरीत एका शहराच्या (नाव नको!) स्मार्ट सिटी कंट्रोल रूमचा डॅशबोर्ड आम्ही केला होता. उद्घाटनाच्या दिवशी नाल्यातले सेन्सर डेटाच पाठवेनात. मग काय, आकडे हार्डकोड केले! भिंतभर हिरवे दिवे, साहेब खूश, फोटो, समोसे. लाल दिवा लागला तर कोणी कोणाला फोन करायचा, असं मी विचारलं, तर म्हणे "ते आपल्या स्कोपमध्ये नाही".

हे फक्त आमच्या टीमचं रडगाणं नाही. मूळ रचनाच तशी होती. २५ जून २०१५ ला मिशन सुरू झालं. १०० शहरं, केंद्राचे प्रत्येकी ५०० कोटी, तेवढेच राज्य आणि पालिकेने घालायचे. पण पैसे पालिकेकडे नाहीत, तर शेजारी काढलेल्या वेगळ्या कंपनीकडे. कारण पालिका ढिम्म आणि कंपनी चपळ! नवी मुंबईच्या सभागृहाने तेव्हा प्रस्ताव फेटाळला. आपले अधिकार जातील म्हणून. मी अकरावी-बारावीत होतो, असल्या लोकांना मागासलेले म्हणून हसलो होतो. पुण्यात मिशनची सुरुवात औंध-बाणेर-बालेवाडीतून, म्हणजे आधीच बऱ्या असलेल्या भागातून. पुढे मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ पुण्यात नगरसेवकच नव्हते. आणि मिशन संपलं ३१ मार्च २०२५ ला. म्हणजे शेवटची तीन वर्षं विचारणार कोण, आणि कोणाला?

आता तुम्ही म्हणाल, तळीये थोडंच शहर आहे? नाहीच. २२ जुलै २०२१ ला तिथे डोंगर खाली आला, ८० हून अधिक माणसं गेली. महाड स्वतःच पाण्यात, त्यामुळे मदत पोचली दुसऱ्या दिवशी. मग पुनर्वसन दिलं म्हाडाला. शहरात लॉटरीने फ्लॅट देणाऱ्या म्हाडाला! दोन पावसाळे उलटले तरी कुटुंबं कंटेनरमध्येच. मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात राहून बघा एकदा. २००५ मध्ये याच तालुक्यात जुई, दासगावला दरडी कोसळल्या होत्या. मग धोकादायक गावांच्या याद्या झाल्या. २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी गेली, ती यादीतच नव्हती.

रोग दोन्हीकडे एकच. काम आलं की बाहेरची यंत्रणा आणायची आणि जी संस्था तिथे रोज असते, पालिका असो की ग्रामपंचायत, तिला बाजूला बसवायचं. सेन्सर स्वस्त झालेत हो. महाड-पोलादपूरच्या वाडीवाडीत पर्जन्यमापक बसेल. पण रात्री दोनला अलर्ट आला तर वाडी रिकामी करा असं सांगणार कोण? जिल्हा आपत्ती प्राधिकरण अलिबागला, आणि रस्त्यावर पाणी. तो अधिकार, थोडा निधी आणि सुरक्षित जागेतल्या शाळेची चावी ग्रामपंचायतीकडे असू द्या. मग डॅशबोर्ड मी फुकट करून देतो, हार्डकोड न करता :)

सरपंच पैसे खाईल म्हणता? खाईलही. पण तो त्याच डोंगराखाली झोपतो, कंपनीचा सीईओ नाही.

असो. आई म्हणत होती, पावसाआधी कपाट माळ्यावर चढवायचंय. २०२१ पासून दरवर्षी चढवतो. पुढच्या शनिवारी पुन्हा महाड.