खरी नोंद



"सुटीत पक्षी पाहून काय मिळणार? त्यापेक्षा चार गणिते सोडवा," असे घरची वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांची काळजी रास्त आहे. तरीही मला वाटते, सुटीतले काही दिवस तुम्ही एखाद्या पक्षी-अभ्यासकाच्या हाताखाली काम करावे.

सलीम अली यांचेच पाहा. लहानपणी त्यांनी छर्र्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे त्यांनी मामांना विचारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथे चिटणीस मिलार्ड यांनी त्यांना पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि पक्ष्यांची नोंद ठेवायला शिकवले. एका प्रश्नातून मोठा पक्षितज्ज्ञ घडला.

पण नोंद खरी हवी. याची साक्ष आपला खानदेशच देतो. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड १८८४ नंतर कोणाला सापडले नव्हते. पुढे मायनर्टझागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्याला १९१४ साली गुजरातेत हा पक्षी मिळाल्याचे सांगितले. वास्तविक त्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. त्या खोट्या नोंदीने शोधणाऱ्यांची दिशाभूल झाली. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली. मग त्या व त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे खानदेशात आले. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. आता ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. तब्बल ११३ वर्षांनी हा पक्षी पुन्हा सापडला!

म्हणून मी म्हणतो, पक्षी पाहताना केवळ पक्ष्यांची नावे कळत नाहीत, प्रामाणिकपणाही अंगी बाणतो. हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणावर पाहुणे पक्षी उतरतात. जाणत्या माणसाबरोबर तेथे जा. वहीत तारीख, वेळ आणि ठिकाण लिहा. वही उर्दूत लिहिली तरी चालेल. पक्षी ओळखता आला नाही, तर "ओळखता आला नाही" असेच लिहा. वर्षांनंतर कोणीतरी तुमच्या त्या ओळीवर विश्वास ठेवून रानात जाईल. तो रिकाम्या हाताने परतू नये, ही जबाबदारी तुमची आहे.