जुना बिदरी हुक्का : 'नव्यासारखा' करणे घाट्याचे

जुना बिदरी हुक्का दुकानात आला की गिऱ्हाइकाची पहिली फर्माईश ठरलेली, "नव्यासारखा करून द्या." आमचे पुष्कळ कारागीर बांधव ती मुकाट्याने पुरी करतात. या एका शब्दापायी मालाची किंमतही जाते आणि हुनरही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हुक्का ओढण्याची तरफदारी आम्हाला करायची नाही. तंबाखूचे दुष्परिणाम कोणाला ठाऊक नाहीत? प्रश्न आहे तो हुक्क्याच्या पाण्याच्या भांड्याचा. बिदर १९५६ पर्यंत मराठवाड्याबरोबर एकाच हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे आपल्याकडील जुन्या घरांतून या वस्तू अजून निघतात, आणि बहुधा भंगाराच्या भावाने जातात.

बिदरीचे अंग मुख्यतः जस्ताचे, त्यात थोडे तांबे. त्यावर खोदून चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप देतात. त्याने जस्ताचे अंग काळे होते, चांदी पांढरीच राहते. सारी शोभा या काळ्या-पांढऱ्यात आहे.

आता दुरुस्तीत काय होते ते पाहा. मोटारीच्या बफावर भांडे धरले की काळेपणा उडतो, पातळ पत्रा झिजतो, पानाफुलांच्या बारीक रेघा बुजतात. चिंच-लिंबू तांब्या-पितळेला ठीक. जस्ताला आम्ल खाते. झाळकामाची तर आणखी भीती. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, जस्त ४२० अंशांच्या आतच. तांब्याच्या सवयीने ज्योत लावली की भांड्याला भोक पडलेच म्हणून समजा.

खरी दुरुस्ती संथ असते. साधा साबण, पाणी, मऊ ब्रश. मग लगेच कोरडे पुसणे. चांदीवर तेवढी खडूची बारीक पूड, काळ्या भागावर खोबरेल तेलाचा हात. सुटलेली तार तिच्याच खाचेत दाबून बसवावी. हरवलेल्या ठिकाणीच नवी चांदी घालावी, आणि काळा लेप अगदी नाइलाज झाला तरच पुन्हा द्यावा. यात दिवस जातात. म्हणून मजुरी दिवसावर ठरवावी, चकाकीवर नव्हे. व्यापारी कुरकुर करतील. करू द्या!

व्यापारी बांधवांनाही एक सांगणे आहे. कोणता भाग जुना, कोणता नवा, हे बिलावर लिहून द्या. नवा हुक्का मळवून जुना म्हणून विकणारे बाजारात आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या मालाकडेही संशयाने पाहिले जाते. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची अशी कलावस्तू खासगी व्यापाऱ्याला परदेशी पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. दुरुस्तीची नोंद नसेल तर माल अडकल्यावर बोलणार कशाच्या आधारावर?

बिदरीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ साली बिदरचे उस्ताद शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. नव्या कामाला मान मिळाला, हे चांगलेच झाले. जुन्याची दुरुस्ती करणारा हात मात्र अजून भांडी घासणाऱ्याच्या भावाने मोजला जातो. हा भाव बदलायचा तर सुरुवात कारागिरानेच करावी : पुढच्या वेळी बफाची मोटार सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाला समोर बसवून काळा रंग का ठेवायचा ते समजावून सांगावे, आणि तरीही तो ऐकत नसेल तर काम परत करावे.