गुलाबी मार्गारिन आणि तिळाचे तेल

चरबी व तेले यांपासून लोण्यासारखा स्वस्त पदार्थ बनविण्याची कृती फ्रेंच रसायनज्ञ मेज-मूरिए यांनी 1869 मध्ये शोधली. हेच मार्गारिन. ते अमेरिकेत पोचताच लोणी विकणारे धास्तावले. न्यू हॅम्पशायर राज्याने तर मार्गारिन गुलाबी रंगवूनच विकावे, असा कायदा केला! सांगावयाचा हेतू फसवणूक टाळण्याचा. पण गुलाबी लोणी पावाला कोण लावणार? 1898 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला.

केंद्र सरकारचा मार्ग सौम्य, जातकुळी मात्र तीच. 1886 मध्ये पौंडामागे 2 सेंट कर बसला. 1902 मध्ये पिवळ्या मार्गारिनवर तो 10 सेंट झाला आणि बिनरंगी मार्गारिनवर पाव सेंट राहिला. पुढे पांढऱ्या मार्गारिनबरोबर रंग वेगळा मिळू लागला आणि गृहिणी तो घरी कालवू लागल्या. 1950 मध्ये हा कर उठला. हिवाळ्यातील फिकट लोणी शेंद्रीच्या बियांनी पिवळे करण्यास मात्र आडकाठी नव्हती. गरिबाच्या स्वस्त स्निग्धाला दंड करणाऱ्या अशा कायद्याला ग्राहकसंरक्षण म्हणणे मला पटत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वनस्पती तुपाच्या रूपाने आला. साजूक तुपात त्याची भेसळ होई. वनस्पतीला रंग द्यावा, अशी मागणी येथेही झाली. पण अधिक शहाणपणाचा नियम झाला तो वनस्पतीत निदान 5 टक्के तिळाचे तेल मिसळण्याचा. खाणाऱ्याला त्याचा उपद्रव नाही. परंतु संशयित तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल व फर्फ्युराल घालून हलविले की तिळातील द्रव्यामुळे किरमिजी रंग उमटतो आणि लबाडी उघडी पडते. पदार्थ विद्रूप न करता त्याची ओळख पटविणारा हा उपाय मला फार मोलाचा वाटतो.

तथापि ही कसोटी प्रयोगशाळेची आहे, स्वयंपाकघराची नव्हे. शिवाय तेलाचे अंशतः हायड्रोजनीकरण करताना उत्पन्न होणाऱ्या, हृदयास अपायकारक अशा ट्रान्स मेदाविषयी तिळाचे तेल काहीच सांगत नाही. त्या मेदाला तेल-तुपांत 2 टक्क्यांची मर्यादा आपल्या देशात 2022 च्या आरंभापासून लागू झाली. डब्यावर त्याचे प्रमाण छापलेले असते, पण ते बारीक अक्षरांत. आणि सुटे तूप घेणाऱ्याच्या हाती तर तेवढेही पडत नाही.